उजव्या बाजूचं दार

आवाज तसा फार मोठा झाला नाही. कचेरीतलं लोखंडी कपाट लावताना याहून मोठा होतो आणि कोणी मान वळवूनही बघत नाही. मोताळ्याच्या बाजारापाशी गाडी थांबली, चिंतामण अंजनकरानं आपल्या बाजूच्या दाराची कडी ओढली, खांद्यानं दार बाहेर ढकललं. ते अर्ध्यावर गेलं, कशावर तरी आदळलं आणि बाहेरून कोणी रागानं लोटावं तसं परत त्याच्याच गुडघ्यावर आलं. त्या क्षणी त्याच्या मनात जो विचार आला तो नंतर कितीही प्रयत्न करून त्याला दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता आला नाही. विचार असा होता, की आता साहेबांच्या बाजूला पोचायला उशीर होणार. मग तो उतरला. रस्त्यात एक सायकल आडवी पडली होती, तिचं मागचं चाक आपल्याच नादात फिरत होतं, आणि सगळीकडे लाल मिरच्या होत्या. फुटलेल्या पोत्यातून त्या रस्ताभर सांडल्या होत्या, त्यांचा खकाणा उठला होता, आणि बाजारातली माणसं धावत येता येता खोकत होती, शिंकत होती, डोळे पुसत होती; लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, कुणी फार लोकप्रिय माणूस गेला. मिरच्यांच्या पलीकडे धोतरातला एक माणूस पडला होता. त्याचा एक पाय मांडीतून भलत्याच बाजूला वळला होता आणि तो ओरडत नव्हता. चिंतामण खाली बसला आणि मिरच्या गोळा करू लागला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. ओंजळ भरायची, पोत्यात टाकायची. पोतं फाटलेलं, की त्या दुसऱ्या बाजूनं बाहेर. "ओ बाबूजी," कुणीतरी खोकत खोकत म्हणालं, "मिरच्या काय येचून राह्यले? माणूस उचला ना!"

साहेबांच्या आधी उतरणं ही कचेरीतली एक विद्या होती आणि ती चिंतामणला उत्तमरावांनी दिली होती. उत्तमराव म्हणजे त्याच्या आधीचे बडे बाबू. नागपूरच्या राज्यात त्यांच्या कचेरीला जीप होती आणि जीपला दारं नव्हती, त्यामुळे साहेब आणि कारकून आपापल्या बाजूनं सारख्याच मानानं धुळीत उडी मारत. मग महाराष्ट्र झाला, पुण्याकडचे साहेब आले आणि त्यांच्यामागोमाग चार दारांची गाडी आली. उत्तमरावांची पेन्शन तोंडाशी आली होती, तरी त्यांनी जाता जाता या गाडीचं शास्त्र बसवून दिलं. "हे पाहा चिंतामण, साहेब बसते डावीकडं, रस्त्याच्या कडेले. आपण उजवीकडं, ड्रायव्हरच्या मागं, फायली मांडीवर. गाडीनं वेग कमी केला का हात कडीवर. थांबली का आपण खाली. मागून वळसा. पुढून नाही जायचं, इंजनासमोरून गेलं का माणूस पळाल्यासारखा दिसते. साहेबाचा पाय जमिनीले टेकाच्या आधी त्याचं दार आपल्या हातात पाह्यजे." चिंतामणनं ही विद्या मनापासून आत्मसात केली. त्याला वळसा इतका साधला, की एकदा चिखलीला साहेब "वा, अंजनकर, चपळ आहात हं" असं म्हणाले होते, आणि तो 'वा' त्यानं पेढ्याच्या पुड्यासारखा जपून घरी नेऊन शैलजाला दाखवला होता. या सगळ्या शास्त्रात मागून कोणी येतं का हे बघण्याला कुठे जागाच नव्हती. कडी उजवीकडे, साहेब डावीकडे. हात एका बाजूला, जीव दुसऱ्या बाजूला.

साहेबांनी रुमाल नाकाला लावून गाडी दिली. "तुम्ही न्या त्याला बुलढाण्याला, मी इथली तपासणी उरकून घेतो," असं ते म्हणाले आणि बाजारातून चालत निघाले, तेव्हा त्यांचं दार कुणीच उघडलेलं नव्हतं, ते स्वतःच उतरले होते, हेही चिंतामणनं टिपलं. राजूरचा घाट गाडी चढत होती. ड्रायव्हर कचरू प्रत्येक वळणावर वेग कमी करत होता. त्या माणसाचं डोकं चिंतामणच्या मांडीवर, जिथे फायली असत तिथे होतं. निवृत्ती, रोहिणखेडचा, एवढं बाजारातल्या लोकांनी सांगितलं होतं. केसांना मिरचीचा आणि रक्ताचा वास येत होता, आणि तो वास घशात जाऊन चिंतामणला उबळ यायची, तो खोकायचा, त्याच्या खोकल्यानं मांडी हलायची, मांडीनं ते डोकं हलायचं, म्हणून तो खोकला आत दाबायचा आणि डोळ्यांतून पाणी वाहायचं. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाबूजी मोठे मायाळू. एका वळणावर निवृत्तीनं डोळे उघडले, गाडीचं छत पाहिलं, गादी पाहिली, आणि म्हणाला, "गाडीले काही झालं त नाही ना?" मग डोळे मिटले. चिंतामणला वाटलं, वातात बोलतो आहे. तो त्याच्याकडे बघण्याऐवजी समोरच्या दाराकडे बघत राहिला. तेच दार. आतून निळसर कापड, एक काचेचं हँडल, एक कडी. कडी किती लहान होती. एवढ्याशा वस्तूत एका माणसाची मांडी मोडण्याची सोय असेल असं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला आत बोलावलं. खिडकीतून ऊन येत होतं आणि साहेब पेन्सिलीला टोक करत होते. "अंजनकर, गाडीत आपण तिघे होतो. मी टिपण वाचत होतो, मला काही दिसलं नाही. तुम्हाला काही दिसलं?" "नाही साहेब," चिंतामण म्हणाला. हे शंभर टक्के खरं होतं. त्याला काही दिसलं नव्हतं. त्याचा गुन्हा नेमका तोच होता. पण साहेबांच्या खोलीत ते वाक्य असं काही सरळ, इस्त्री केल्यासारखं बाहेर पडलं, की एखाद्या निर्दोष माणसाची साक्षच. साहेबांनी पेन्सिलीवर फुंकर मारली. "मग झालं. गाडी, तिची चाकं, दारं, सगळ्याची जबाबदारी चालकाची असते. पोलिसांना तसं कळवू. तुम्ही उगीच मनाला लावून घेऊ नका. आणि ते चोळा काहीतरी बोटांना." तेव्हा चिंतामणच्या लक्षात आलं, की तो सबंध वेळ साहेबांच्या समोर बोटं एकमेकांवर घासत होता. मिरची गेली नव्हती. साबण झाला, राख झाली, शैलजानं खोबरेल लावून दिलं, ताक ओतलं, तरी नखांच्या कडांशी एक बारीक आग बसून होती, आणि त्यानं विसरून त्याच हातानं डोळा पुसला की ती आग थेट डोक्यात जाई.

त्या दिवसापासून त्याला दारांचं भय बसलं. आजवर दार म्हणजे भिंतीतली एक सोय एवढंच त्याला ठाऊक होतं. आता प्रत्येक दारामागे कोणीतरी वेगानं येत होतं. न्हाणीघराचं दार तो आधी बोटभर उघडायचा, फटीतून बघायचा, मग थोडं, मग आणखी थोडं. स्वयंपाकघरातल्या फडताळाचंही तसंच. "अहो, त्यात डाळ आहे, वाघ नाही," शैलजा म्हणाली. त्यानं हसायचा प्रयत्न केला. तिला त्यानं सांगितलं होतं ते कचेरीतलंच: अपघात झाला, ड्रायव्हरच्या हातून. "बिचारा कचरू," ती म्हणाली होती, "त्याची बायको आत्ताच बाळंतीण आहे ना हो?" आणि चिंतामणनं भाताचा घास उचलताना असं विचारलं होतं, की भात आज मऊ का झाला. रस्त्यानं चालताना तो मधूनच दचकून उभा राही, सायकलची घंटा वाजली की भिंतीला टेके. लोक म्हणत, बाबूजी, काय हे, सरकारी माणूस असून रस्ता सोडता? सकाळी कचेरीला जाताना तो वळण घेऊन दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाई, कंपाउंडर बिडी ओढायला बाहेर येण्याची वाट बघे आणि "तो मोताळ्याचा पेशंट?" असं अशा आवाजात विचारी, की जणू कचेरीकडून नेहमीची चौकशी आहे. "हाये," कंपाउंडर म्हणे. त्या एका 'हाये'वर त्याचा दिवस संध्याकाळपर्यंत कसाबसा जाई, आणि संध्याकाळी तो शब्द शिळा होई. माणूस सकाळी असतो. संध्याकाळी असेलच असं कोण सांगणार?

शेजारच्या वामनराव वकिलांना त्यानं एका ओळखीच्या माणसाची हकीकत म्हणून विचारलं. वामनराव ओट्यावर बसून दाढी करत होते. "ओळखीचा म्हणजे तूच का रे?" त्यांनी आरशातून विचारलं. "नाही हो, अकोल्याकडचा एक." "मग सांगायला हरकत नाही. तू असतास तर फी घेतली असती." त्यांनी गालावरून वस्तरा खाली ओढला. "गाडी उभी असली तरी गाडीच. पण पळत्या गाडीचा धनी ड्रायव्हर. उभ्या गाडीचं दार ज्याच्या हातानं उघडलं तो त्याचा धनी. हयगयीनं दुखापत, कलम तीनशे सदतीस. हाड मोडलं, तीनशे अडतीस. मेला, तर तीनशे चार अ." "आणि ड्रायव्हरनं आपल्यावर घेतलं तर?" "घेतात की. पण मागचं दार म्हणतोस ना? मग पुढे बसलेल्या ड्रायव्हरचा हात कोर्टात फार लांब दाखवावा लागेल. निघतात तसे लांब हाताचे ड्रायव्हर, साहेबाची इच्छा असली तर." "आणि दार उघडणारा सरकारी नोकर असला तर?" वामनरावांनी वस्तरा पाण्यात बुडवला. "मग त्याला कोर्टानं ओळखायच्या आधी कचेरी ओळखेनाशी होते. तुझ्या अकोलेवाल्याला सांग, रोज देवाला हात जोड म्हणावं. स्वतःसाठी नको. त्या सायकलवाल्यासाठी." तीनशे सदतीस आणि तीनशे अडतीस हे आकडे चिंतामणला फारसे भिववू शकले नाहीत, आकड्यांत त्याचं आयुष्य गेलं होतं. त्याला भिववलं त्या शेवटच्या 'अ'नं. पाटीवर पहिल्यांदा गिरवलेलं अक्षर, पोटाशी वळलेलं, निरुपद्रवी. ते इतकी वर्षं पिनलकोडात दबा धरून त्याची वाट बघत बसलं होतं.

अशा वेळी त्याला वडील आठवत, आणि नको तेच आठवत. सुलतानपूरच्या शाळेत मास्तर होते. डेप्युटी साहेब तपासणीला आले की वडील गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत सामोरे जात आणि छकडा थांबायच्या आत धावत जाऊन बैलांची वेसण धरत, म्हणजे उतरताना साहेबांना हिसका बसू नये. एकदा बैल बुजला, छकडा पुढे सरकला आणि चाक वडिलांच्या पावलावरून गेलं. लहानगा चिंतामण काठावरून बघत होता. चाक पावलावर चढलं, उतरलं, आणि वडील हसत होते. "काही नाही साहेब, काही नाही, उतरा सावकाश." साहेब सावकाश उतरले. सबंध तपासणीभर वडील त्या पायावर उभे राहिले, मुलांकडून कविता म्हणवून घेतल्या, आणि जोड्यातून रक्त बाहेर येऊन जमिनीच्या शेणात जिरत होतं. नंतर ते जन्मभर थोडे लंगडत. कुणी विचारलं तर सांगत, वात आहे. चिंतामणला लहानपणी वाटायचं, आपले वडील फार शूर. नंतर मॅट्रिकला गेल्यावर वाटलं, वडील फार भित्रे. आता त्याला एक तिसरीच गोष्ट वाटू लागली होती आणि ती पहिल्या दोहोंपेक्षा भयंकर होती: वडिलांचं भय निदान त्यांच्याच पायावरून गेलं होतं. मुलानं ते दुसऱ्याच्या मांडीवर घातलं.

कचरूनं मात्र नवीनच चाल काढली होती. तो भांडला नाही, रडला नाही. गाडी कुठे थांबली की तो आपणहून उतरून मागे येई, चिंतामणचं दार धरून उभा राही, मागे बघे, पुढे बघे, आकाशात सुद्धा बघे, आणि मग कडक सलाम करून दार उघडे. "उतरा बाबूजी. रस्ता साफ हाये." कचेरीतले शिपाई तोंडात धोतराचा सोगा धरून हसत. चिंतामणनं एकदा दात-ओठ खात हळूच म्हटलं, "कचरू, पुरे कर बे आता." "काऊन बाबूजी? दार तर मीच उघडत असतो म्हने. साहेबाचंच म्हननं हाये. पुढं बसून मागचं दार उघडतो, म्या आपल्या हाताची तारीफ कालच आयकली." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "हवालदार उद्या दवाखान्यात जबाब घ्याले येऊन राह्यला. मंग माह्या. लायसन जाईन, काय व्हते. तुम्ही नका भेऊ. तुमाले लय भेव वाटते, दिसते मले." त्यानं हे तिरकस म्हटलं असतं तर सोसलं असतं. तो ते खरंच म्हणाला, एखाद्याला ताप चढलेला दिसावा तसं, आणि गाडी पुसायला निघून गेला.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी चिंतामण फाटकापाशी थांबला नाही, आत गेला. का गेला याचं उत्तर त्यानं वाटेत तीनचार प्रकारे तयार केलं होतं आणि एकही त्याला पटलं नव्हतं. त्याला जबाब द्यायचा होता म्हणावं तर खिशात रजेचा अर्ज नव्हता. द्यायचा नव्हता म्हणावं तर पाय चालत होते. खरं म्हणजे त्याला फक्त बघायचं होतं, की तो माणूस मरण्यासारखा दिसतो की जगण्यासारखा. दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली एक बैलगाडी जुंपून उभी होती, बैलांचे कासरे गाडीवानाच्या हातात तयार. दरवाजाशी कंपाउंडरनं त्याला अडवलं. "बरं झालं आले. त्याची बायको त्याले घरी न्यायचं म्हनते. डॉक्टर आपरेशनात अडकले. समजवा तुम्ही, सरकारी मानूस हाये. हाड सरकलं त पाय गेला. पाय नासला त मानूस गेला." चिंतामणच्या डोक्यात 'अ' हे अक्षर उभं राहिलं.

वॉर्डातली तिसरी खाट. निवृत्तीचा मोडका पाय वर लोखंडी चौकटीत टांगलेला, पायाला दोरी, दोरी एका कप्पीवरून खाली, आणि तिच्या टोकाला विटा बांधलेल्या, हवेत लोंबणाऱ्या, अगदी साध्या, भिंतीच्या विटा. खाटेच्या टोकाशी एक बाई गाठोडं बांधून उभी होती आणि तिच्या हातात विळा होता. चिंतामणला पाहताच तिनं विळा पदराआड केला. ही रुखमाबाई, निवृत्तीची बायको. तिनं चिंतामणचा कोट पाहिला, टोपी पाहिली आणि एकदम खाली बसून त्याच्या बुटांना हात लावला. "सायेब, पाया पडतो, नाव नका लिहू आमचं. यायनं जानून नाही केलं. पोतं जड होतं, तोल गेला, सरकारच्या गाडीले सायकल लागली. दाराले पोचा आला म्हनते. आमी काय करावं आता?" चिंतामणला कळेना. "कुठला पोचा? कोण म्हणालं?" "हवालदार येनार हाये ना आज, धरून न्याले. म्हनून त बांधून ठेवलं." "बांधून?" "ह्या विटा काय मंग?" ती म्हणाली. "पायाले विटा बांधून ठेवल्या, पळून जाऊ नाही म्हनून. डाक्टर म्हनते, विटेले हात लावाचा नाही, हलाचं नाही. आमी काय मानूस मारला का, सायेब? गाडीलेच त लागली."

चिंतामण विटांकडे बघत राहिला. त्या अगदी थोड्याशा हलत होत्या. आठवडाभर तो ज्या माणसाच्या मरणाला भ्याला होता, तो माणूस इथे पडून त्याला भीत होता. त्याची कचेरी, त्याची टोपी, त्याच्या गाडीच्या दाराला आलेला पोचा, यांना. ही भीती इतकी मोठी होती, की ती हाड मोडल्याचं दुखणं विसरली होती आणि थोड्या वेळात दोरी कापून, मोडका पाय बैलगाडीत टाकून, खाचखळग्यांतून रोहिणखेडला निघणार होती. आणि मेल्यावरही ती कुणाला दोष देणार नव्हती. चिंतामणच्या तोंडून एक सुटकेचा श्वास निघाला. तो श्वास त्यानं स्वतः ऐकला. ही माणसं फिर्याद करणारच नव्हती. नुसतं 'बघू' म्हणायचं. साहेब म्हणतात तसं, ओठ न हलवता. 'बघू, मी बोलतो वर.' कचेरीतला इतक्या वर्षांचा तो शब्द त्याच्या जिभेवर आयता येऊन बसला होता. त्याला आपलीच जीभ खिशातल्या विंचवासारखी वाटली.

"त्या विटा हाड सरळ राहावं म्हणून आहेत," तो म्हणाला. "औषध आहे ते." रुखमाबाईनं मान हलवली, पण सरकारी माणसाचं बोलणं ऐकून हलवतात तशी. विळा पदरात तसाच होता. खाटेवरून निवृत्ती त्याच्याकडे बघत होता. गालांची हाडं वर आली होती, डोळे मात्र स्वच्छ होते. "सायेब," तो म्हणाला, "दाराचं जे असन ते सांगा. आमी मोलमजुरी करून फेडू. पन कैद नका करू." चिंतामणनं तोंड उघडलं. आवाज निघाला, पण फार लहान. "दार मी उघडलं होतं. तुमची चूक नाही. मी मागं पाहिलं नाही." रुखमाबाईनं निवृत्तीकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून चिंतामण हादरला. ती गहिवरली होती. "पाह्यलं जी, मानूस कसा हाये! आपल्यासाठी सोताच्या अंगावर घेऊन राह्यला. देव भलं करन तुमचं, सायेब. पन तुम्ही नका पडू याच्यात. आमी जातो गुपचूप." आणि तिनं विळा बाहेर काढला. इतकं करून, इतका घाम येऊन, जीव जिभेवर आणून त्यानं जे सांगितलं, त्याचा नुसता मोठेपणा झाला होता. आणखी वाईट म्हणजे क्षणभर तो मोठेपणा त्याला बरा वाटला.

तेवढ्यात महादेवराव हवालदार आत आले. वॉर्डातल्या बायका पदर सावरून भिंतीकडे सरकल्या. रुखमाबाईच्या हातातला विळा तिथेच थांबला. तो दोरीला टेकलेलाच होता. "अरे, अंजनकर बाबूजी, तुम्ही अथी?" हवालदार खाटेच्या लोखंडावर काठी टेकून म्हणाले. "बरं झालं. दोन ओळींचं काम हाये. साहेबांचा फोन येऊन गेला, ड्रायव्हरचं नाव सांगतलं त्यायनं. या बुवाचं जरा इचारतो अन् जातो." चिंतामणला शैलजा दिसली नाही, नोकरी दिसली नाही, ज्या गोष्टी अशा वेळी दिसतात असं म्हणतात त्यातलं काहीच दिसलं नाही. त्याला फक्त विळा दिसत होता, आणि दोरीचा एक तुटलेला धागा, उभा राहिलेला. "हवालदार," तो म्हणाला, "कचरूचं नाव नका लिहू. तो पुढं बसला होता. मागचं दार मी उघडलं. साहेबाच्या आधी उतराची घाई होती मले. हा सायकलीवर आपल्या बाजूनं येऊन राह्यला होता. दार त्याले मी मारलं. लिहा." हवालदारांनी त्याच्याकडे, मग दाराकडे, मग पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "बाबूजी, चक्कर आली का? पानी घ्या. हे असं लिहिलं त काय होते, ठाऊक हाये ना तुमाले?" "ठाऊक आहे." "साहेब काय म्हनतीन?" "लिहा हो तुम्ही!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

हवालदारांनी सुस्कारा टाकला आणि टोपी काढून काखेत धरली. रुखमाबाई उभीच होती. तिच्या चेहऱ्यावरचा गहिवर हळूहळू उतरला आणि त्याच्या जागी समज आली, आणि समजेमागून राग आला, खरा, उघडा, घरातल्या माणसावर येतो तसा. "म्हंजे तुम्हीच?" ती म्हणाली. "खरंच तुम्ही पाडलं याले? अन् आमी अथी सरकारची गाडी मोडली म्हनून जीव मुठीत धरून बसलो? यायनं रातभर डोळा नाही लावला. मी घरच्या पोट्ट्यायले मामाकडं धाडून देलं. अन् तुले बोलाले तोंड नव्हतं काय बे?" हवालदार "ए बाई" म्हणून ओरडले. चिंतामणनं हातानं त्यांना थांबवलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कोणी त्याला त्या गोष्टीचा तोंडावर जाब विचारत होतं. तिनं विळा गाठोड्यात खुपसला, गाठोडं खाटेखाली पायानं सरकवलं, तरातरा खिडकीशी गेली आणि बाहेर कडुलिंबाकडे ओरडली, "बैलं सोड रे गोपाळ! नाही जाऊन राह्यलो आपन!"

हवालदार जबाब घ्यायला बसण्याची तयारी करू लागले. "हं. नाव अंजनकर. वडिलांचं नाव? हुद्दा? बसा की बाबूजी, उभ्यानं कसं सांगान." बसायला काही नव्हतं. वॉर्डात होतं ते एकच स्टूल हवालदारांनी घेतलं होतं. चिंतामणनं टेकायला खाटेच्या चौकटीला हात लावायचा आणि विटा दिसताच मागे घ्यायचा, असं दोनदा झालं. वडिलांचं नाव त्याला आठवत होतं, पण तोंडातून येत नव्हतं. तेव्हा निवृत्तीनं, दुखेल म्हणून दात आवळून, आपला धड पाय थोडा आत ओढून घेतला, घोंगडी बाजूला सारली आणि खाटेच्या कडेला हातभर जागा केली.

"बसा अथी," तो म्हणाला. "थरथर कापून राह्यले तुम्ही."